देवळाच्या दारातली चाकांची खुर्ची

मित्रांनो, माझ्यासमोर कुणी हात जोडत नाही आणि ते बरोबरच आहे. मी एका मोठ्या देवळाच्या बाजूच्या दारात उभी असलेली जुनी चाकांची खुर्ची आहे. माझे डावे चाक कुरकुरते आणि पाठीचे कापड दोनदा बदलले आहे.

एका कारखान्यात लोखंडी नळ्या वाकवून मला घडवले. एका डॉक्टरीणबाईंनी आपल्या आईच्या आठवणीसाठी मला देवळाला दिले. तेव्हा माझा काय थाट होता! रखवालदार मला रोज पुसायचा, चाकांत तेल घालायचा. ज्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आहे, अशांना मी उतारावरून थेट गाभाऱ्यासमोर न्यायचे. म्हाताऱ्या माझ्या दांड्यावरून हात फिरवायच्या आणि मी फुगून जायचे.

पुढे गर्दी वाढली. रांग तीन-तीन तासांची झाली. खुर्चीवाल्यांना रांग नसते, हे मग धडधाकट माणसांच्याही लक्षात आले. तेलाची बाटली हरवली ती हरवलीच.

एके दिवशी अकराच्या सुमारास एक गृहस्थ तरातरा चालत आला आणि बायकोला म्हणाला, "मी बसतो, तू ढकल."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"लोक रांगेत आहेत. त्यांना कुठे दिसतंय?"

रखवालदाराने विचारल्यावर तो कमरेला हात लावून असा काही कण्हला, की क्षणभर मलाही खरे वाटले. दर्शन झाल्यावर दोघे मंडपात गप्पा मारत निवांत बसले. मीही बसून राहिले. दुसरे काय करणार?

त्याच वेळी बाहेर काय चालले होते, ते रखवालदाराच्या तोंडून मला नंतर कळले. एक शाळामास्तरीण आपल्या आईला घेऊन आली होती. आजींचा एक डोळा गेलेला, दुसरा विझत चाललेला. फार तर महिनाभर दिसेल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तेवढ्यात मूर्तीचा चेहरा एकदा डोळे भरून पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा. लेकीने देवळात फोन करून सगळे विचारले होते: गर्दी कोणत्या वारी कमी, दार कधी मिटते, खुर्ची मिळेल ना. चपला, पिशव्या, फोन सामानघरात ठेवून ती वेळेत पोचली होती.

"एकच खुर्ची आहे हो ताई, आत गेलीय," रखवालदार म्हणाला. "येईलच इतक्यात."

आजींना चढ चालवेना; उचलून न्यावे, तर मणक्याचे दुखणे. त्या कठड्याला धरून तासभर उभ्या राहिल्या.

बारा वाजता आम्ही उतारावरून खाली आलो आणि मागे गाभाऱ्याचे दार मिटले. ते आता चारला उघडणार. मायलेकींची परतीची गाडी दोनची.

गृहस्थ माझ्यावरून उठला आणि आळस देऊन चपलांकडे निघाला. आजींच्या अंधूक नजरेला एवढेच दिसले. त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला.

"अगं, पाहिलंस? चालतोय तो! देवानं पाय दिले त्याला!"

लेकीला सगळे कळले होते. "हो आई," एवढेच ती म्हणाली.

आजींनी हात जोडले. "सुखी राहा रे बाबा. माझं दर्शन राहिलं तर राहू दे. तुझं वेळेवर झालं."

एक चप्पल पायात, एक हातात, असा तो जागीच थिजला. बायकोने भिंतीकडे तोंड फिरवले. मला तोंड नाही. त्याला होते, ते त्याने खाली घातले. मला त्याचा राग आला आणि माझी स्वतःचीच लाजही वाटली.

मित्रांनो, गर्दीच्या देवळात जायचे असेल, तर त्या मास्तरीणबाईंसारखी आधी सगळी चौकशी करा. आणि माझ्यावर बसण्याआधी आपल्या पायांनाही विचारा. ते नेतो म्हणाले, तर मुकाट्याने रांगेत उभे राहा.

त्या आजी पुन्हा आल्या, तर मी त्यांना अगदी समोर नेईन. पण आता महिना उलटून गेला आहे; मूर्तीचा चेहरा कसा आहे, ते लेकीला त्यांच्या कानात सांगावे लागेल.