बिब्ब्याखाली झाकलेलं दुखणं

विलायतेतून कापसाला मागणी आली, तेव्हापासून भातकुलीच्या खुशालरावांची गाडी दर बाजाराला अमरावतीला जाऊ लागली. गाडीत कापसाला जागा होती, माणसाला नव्हती. त्याच हंगामात त्यांची बायको दुर्गाबाई हिच्या डाव्या स्तनात दुखू लागलं. सासू रुख्मिणीबाईंनी घरोघरी चालतो तोच इलाज केला. बिब्बा तापवून दुखऱ्या जागी चटका दिला. फोड आला, आग झाली आणि आतलं दुखणं गेलं असं सगळ्यांनी धरून घेतलं. फोड सुकला की दुखणं पुन्हा वर येई, की पुन्हा बिब्बा. आणि खुशालरावांना विचाराल, तर बायकांची दुखणी बायकांनी बघावीत!

गावची दाई खुर्शीदबी सरकी न्यायला आली, तेव्हा दुर्गाबाईनं तिला आत नेलं. म्हणाली, "चटक्यानं वरची कातडी जयते, आतलं दुखणं तसंच रायते."

खुर्शीदबीनं हात लावून पाहिलं आणि बाहेर येऊन स्पष्ट सांगितलं. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना दुखतं, जड वाटतं आणि मग आपोआप जातं, त्याला भ्यायचं कारण नाही. हे मात्र एकाच जागी ठाण मांडून आहे, हाताला गाठ लागते, भोवतीची कातडी लाल आणि गरम आहे. आता डॉक्टरला दाखवलंच पाहिजे.

परक्या पुरुषापुढं सून न्यायची म्हणून रुख्मिणीबाई भडकल्या. खुशालराव समोरच्या ढिगातला ओला कापूस चाचपून वेगळा काढत होते. खुर्शीदबी त्यांच्याकडे वळली.

"कापूस वला लागला त वरून कोरडा टाकून झाकता का, मालक? सारा ढीग उसकून पायता. मंग बाईच्या दुखण्यावर बिब्बा कावून झाकून राहिले?"

खुशालरावांचा हात थांबला. खरंच की! पुढच्या बाजाराला अर्धा कापूस खाली उतरला आणि दुर्गाबाई गाडीत बसली. खुर्शीदबी सोबत होतीच.

अमरावतीच्या दवाखान्यात गाठीत पू साठलेला निघाला. डॉक्टरनं चीर देऊन तो काढला. बहुतेक गाठी साध्याच असतात, पण पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि भाजलेल्या कातडीखाली तर लवकर कळतच नाही, असं तो म्हणाला. वेचणी संपायच्या आत दुर्गाबाई बरी झाली.

त्यानंतरच्या बाजाराला गाडी जुंपली, तर रुख्मिणीबाई पदर खोचून चाकाशी उभ्या.

"मले बी ने."

त्यांच्या उजव्या स्तनावर बिब्ब्याचे जुने डाग होते आणि डागांखाली गाठ. ती त्यांनी कितीक वर्षं कोणाला सांगितली नव्हती. खुशालरावांनी कापसाचं गाठोडं खाली टाकलं. डॉक्टरनं तपासलं आणि फार उशीर केला असं म्हटलं. परतताना म्हातारी सुनेचा हात धरून एवढंच बोलली, "तुले येळेवर नेलं, थे बरं झालं."

मंडळी, बहुतेक दुखणी येतात तशी जातात. जे एकाच जागी राहतं, जिथं गाठ लागते, कातडी बदलते, ते झाकू नका. घरातल्या बाईला गाडीत आधी जागा द्या, कापूस मागून जाईल.