उद्या त्याला फेकावं लागेल

मी एक जुना बर्फफेक्या आहे, मित्रांनो, आणि सुरुवातीलाच सांगतो, मला कुणाची कीव नको आहे.

मला ट्रॅक्टरच्या पाठीमागे जोडतात. ट्रॅक्टरचा फिरता दांडा माझ्या पोटातली दातेरी चाके फिरवतो. मग माझी पाती बर्फ आत ओढतात आणि वरच्या धुराड्यातून वीस-बावीस हात लांब फेकतात. मला चालवताना ट्रॅक्टर उलटा हाकावा लागतो, म्हणून चालवणाऱ्याची मान हिवाळाभर आखडलेली असते. त्याला माझा इलाज नाही.

जपानच्या होक्काइदो बेटाच्या उत्तर टोकाला एका छोट्या कारखान्यात मी तयार झालो. तिथला म्हातारा कारागीर प्रत्येक सांधा जोडून झाला की हातोडीने ठोकून त्याचा आवाज ऐकत असे. मी तेव्हा लालभडक होतो. आता जिथे रंग उरला आहे तिथे लाल आहे. तोकुजी निशिदातेने मला आपल्या गोठ्यावर आणले तेव्हा त्याचे केस काळे होते. त्याला चौतीस हिवाळे झाले.

या गोठ्यात बेचाळीस गाई आहेत. दिवसाआड दूध न्यायला टँकर येतो. गोठ्यापासून मोठ्या रस्त्यापर्यंत तीनशे पावलांची वाट आहे. ती बर्फाने बुजली तर टँकर आत येत नाही, आणि गोठ्याच्या टाकीत दोन दिवसांचेच दूध मावते. त्यापुढचे गटारात सोडावे लागते. चौतीस वर्षांत माझ्यामुळे एक थेंबही गटारात गेलेला नाही. एका वर्षी बर्फ गोठ्याच्या वळचणीला टेकला होता, तेव्हासुद्धा नाही. याला कुणी फुशारकी म्हणेल. म्हणू दे.

माझ्या पोटात एक लोखंडी पेटी आहे. दातेरी चाके तिच्यात तेलात बुडून फिरतात. दर नोव्हेंबरात तोकुजी ते तेल बदलत असे. मग त्याची कंबर धरू लागली. दोन वर्षे त्याने पेटी उघडलीच नाही. पेटीवरचे हवा खेळायचे झाकण हरवले, तर तिथे त्याने चिंधी कोंबली. बर्फाचे पाणी चिंधीतून आत झिरपू लागले. मी कुरकुरलो. यंत्राचे कुरकुरणे ही तक्रार असते, पण ज्याला ऐकायची नसते त्याला तो नुसता आवाज वाटतो.

आता नागिसाबद्दल सांगतो. ती तोकुजीची सून. तिचा नवरा हिवाळ्यात दूरच्या साखर कारखान्यात कामाला जातो, मग गोठा हिच्यावर. ती दक्षिणेची आहे. तिकडे बर्फ पडत नाही, आणि तिकडे नकोशी वस्तू लोक ‘टाकून देतात’. आमच्याकडे कुणी काही टाकून देत नाही, आमच्याकडे ‘फेकतात’. शिळा भात फेकतात, फाटकी गादी फेकतात, केर फेकतात. नवी आली तेव्हा नागिसा म्हणे, “बाबा, हा कचरा टाकून देऊ?” आणि सारा शेजार हसे. तीन वर्षांत तिने हट्टाने आमची बोली उचलली.

त्या दिवशी रेडिओने वादळाचा इशारा दिला होता. तोकुजी कमरेला शेक घेत पडून होता. त्याने सुनेला हाक मारली. पुढचे बोलणे मी नंतर इतक्यांदा ऐकले आहे की मीच तिथे होतो असे वाटते.

“पोरी, त्या म्हाताऱ्याचं तेल काढ आज. उद्या त्याला फेकावं लागेल.”

“बर्फफेक्याला?”

“मग काय मला?”

“बरं बाबा.”

नागिसाने भंगारवाल्या योनेकुराला फोन केला.

नंतर ती माझ्यापाशी आली. माझ्या पेटीला खाली भोक नाही, त्यामुळे तेल वरूनच ओढून काढावे लागते. तिने वासरांना औषध पाजायची मोठी पिचकारी आणली, तिला नळी लावली आणि नळी माझ्या पोटात सोडली. “आजोबा, आ करा,” ती म्हणाली. पिचकारी भरली, आणि ती बघतच राहिली. तेल पांढरे होते, साय ढवळलेल्या दुधासारखे.

“अगंबाई! म्हणून फेकायला सांगितलं होय?”

दुपारी योनेकुरा ट्रक घेऊन आला. बर्फ भुरभुरू लागला होता.

“तेल काढलंत ना, वहिनी? तेलासकट मी घेत नाही.”

“काढलं. पांढरं निघालं.”

“मग मेलेलाच आहे की! चल रे म्हाताऱ्या.”

मेलेला! त्याने माझ्याभोवती साखळी गुंडाळली आणि ट्रकवरच्या यारीने उचलू लागला. माझ्या तळाच्या घसरपट्ट्या गोठलेल्या मातीला घट्ट चिकटल्या होत्या. त्याने दोनदा ओढले, दोनदा त्याचाच ट्रक कलला. तिसऱ्यांदा तो पहार आणायला वळला, तेवढ्यात तोकुजी भिंतीला धरून बाहेर आला. अंगात लांब लोकरी चड्डी, पायात गोठ्यातले बूट.

“ए योनेकुरा! कुठं चालवलास माझा बर्फफेक्या?”

“सूनबाईंचा फोन आला, दादा. माझ्यावर का ओरडता?”

“बाबा, तुम्हीच म्हणालात ना, उद्या त्याला फेकावं लागेल?”

“हो, त्याला! त्याला बर्फ फेकावा लागेल! नाहीतर कोण फेकणार, मी?”

योनेकुरा पोट धरून हसू लागला. “वहिनी आपल्याहून पक्क्या उत्तरेच्या झाल्या की, दादा!”

नागिसाचे कान लाल झाले. “तीन वर्षं हसलात मला. ‘टाकते’ नको म्हणू, ‘फेकते’ म्हण. आता फेकायला निघाले तर बोंब मारता!”

तोकुजी हसला नाही. “पांढरं निघालं म्हणालीस?” त्याने विचारले. “ती चूक तुझी नाही. चिंधी मी कोंबली होती.”

तो माझ्याजवळ आला. काढलेल्या तेलात बोट बुडवून त्याने ते चिमटीत चोळले. मित्रांनो, मला ठाऊक होते, चिमटीत लोखंडाची कचकच लागली असती तर त्यानेच साखळी योनेकुराच्या हातात दिली असती. चाके झिजली की तेल बदलून भागत नाही. त्याने पुन्हा चोळले. फार वेळ चोळले.

“चुरा नाही,” तो म्हणाला. “नुसतं पाणी आहे. नागिसा, फळीवरचा तेलाचा डबा आण.”

डबा आला, पण थंडीने तेल मधासारखे घट्ट झाले होते. नागिसाने वासरांचे दूध कोमट करायच्या गरम पाण्यात डबा ठेवला. आधी थोडे तेल ओतून तिने माझी चाके हाताने फिरवली, पेटी खळबळून घेतली आणि ते ओढून काढले. तेही पांढुरके निघाले. पुन्हा ओतले, पुन्हा काढले. मग तोकुजी बादलीवर बसून सांगू लागला.

“आता वरनं ओत. डोळा बाजूच्या भोकावर ठेव. तिथनं ठिबकलं की थांबायचं.”

“काठोकाठ भरू ना?”

“मुळीच नको. तापलं की तेल फुगतं.”

बाजूच्या भोकातून सोनेरी थेंब आला. तिने बूच घट्ट आवळले. योनेकुराने आपल्या भंगारातून एक झाकण शोधून काढले आणि चिंधीच्या जागी बसवले. “मेलेल्याला दिलं असं समजा,” तो म्हणाला. मला त्याचे उपकार मानायचे नव्हते, पण झाकण बरोबर बसले.

तोवर वादळ आले. योनेकुराचा ट्रक वाटेच्या तोंडाशीच रुतला, आणि त्याला मुक्काम करावा लागला.

सकाळी दूध काढून झाले तेव्हा टाकी काठापर्यंत भरली होती आणि वाटेवर कमरेइतका बर्फ होता. मोठ्या रस्त्यावर टँकर उभा राहून भोंगा वाजवत होता. त्याला पुढेही आठ गोठे होते, तो फार थांबणार नव्हता. नागिसाने मला कधी चालवले नव्हते. पहारीने मला मातीतून सोडवून तिने ट्रॅक्टरला जोडले, ती मान वळवून बसली, ट्रॅक्टर उलटा निघाला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी न कुरकुरता फिरलो.

“हळू! घाई करशील तर पात्यांचा खिळा तोडशील!” तोकुजी खिडकीतून ओरडत होता.

“ऐकू येत नाही, बाबा!”

तीनशे पावले मी खाल्ली. शेवटी योनेकुराचा ट्रक लागला, पार गाडलेला. तो फावडे घेऊन आधीच तिथे उभा होता.

“वहिनी, तोंड तिकडं करा, तिकडं!”

त्याच्यावर थोडा बर्फ पडला. धुराड्याचे तोंड नागिसाच्या हातात होते, माझ्या नव्हे. ट्रक मोकळा झाला, बाजूला झाला, आणि टँकर आत आला. टाकी रिकामी करून तो गेला तेव्हा गटार कोरडे होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंकडे बघून हळहळू नका. त्याने आमचे काहीच होत नाही. झाकण उघडा, तेलात बोट बुडवा आणि बोटाकडे नीट बघा. पांढरे दिसले तर तेल बदला. लोखंडाचा चुरा लागला तर खुशाल भंगारवाल्याला बोलवा, मी हूं की चूं करणार नाही. पण बोट बुडवायच्या आधी कुणाला मेलेला म्हणू नका.

आता पुरे. पुन्हा बर्फ पडू लागला आहे, आणि परवा टँकर यायचा आहे.