मयताचं भाडं

गाडी बघायला आलेला माणूस आधी टायरला लाथ मारतो. का मारतो ते देवाला ठाऊक. टायर काय बोलणार हाय? पण एकजात सगळे मारतात. पंढरीनंही मारली.

पंढरी म्हणजे माझ्या नवऱ्याचा दोस्त. संदेश आणि तो धसईच्या नाक्यावर एकाच झाडाखाली गाड्या लावायचे, मुरबाडच्या शिटा भरायचे, एकाच डब्यात जेवायचे. संदेश काविळीनं गेला उन्हाळ्यात. तेव्हापासून त्याची इको गाडी आमच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी. मला चालवता येत नाय. पुढच्या वर्षी शिकवतो, असं दर वर्षी बोलायचा.

पंढरीची जुनी गाडी भंगारात निघालेली, म्हणून तो आमची घ्यायला आला. मला वाटलं, बरं झालं, घरचाच माणूस हाय. घरचा! माझ्यासारखी येडी शोधून सापडायची नाय.

मला अडीच लाख पायजे होते. हौसमौज करायला नाय. मुरबाडच्या एका दुकानात मी भाताची गिरण बघून ठेवलेली. मोटार, फिटिंग, लाइटीचं मीटर, सगळं धरून अडीच. आमच्या गावात गिरण नाय, बाया डोक्यावर भाताचं बोचकं घेऊन धसई गाठतात. भातझोडणीच्या आधी गिरण बसली असती, तर मी आणि माझी सासू चिमाबाई, दोघींनी आपल्या घरात बसून खाल्लं असतं. आमाला पोरबाळ नाय. गिरण झाली नाय, तर माझा भाऊ मला टिटवाळ्याला न्यायला टपलेलाच होता. त्याच्या बायकोला घरात राबायला एक फुकटची बाई पायजे होती, फक्त तोंडानं बोलत नव्हती. आणि सासूचं काय, विचारलं तर भाऊ बोलला, "तिचं बघू." बघू म्हणजे काय ते मला चांगलं कळतं.

संदेशच्या मेकॅनिकनं गाडी तपासून मला आधीच सांगितलेलं, "वहिनी, पावणेतीनची गाडी हाय. अडीचच्या खाली उतरू नका."

म्हणून मी पावणेतीन सांगितले. पंढरी हसला.

"वहिनी, काय चेष्टा करता गरिबाची?"

"तुमी बोला मंग, भावजी."

"मी काय बोलू? तुमी घरच्या." आणि घरच्यांचं बॉनेट उघडून आत डोकं घातलं. "क्लच गेलाय."

"क्लच गेल्या दिवाळीत टाकलाय. बिल दाखवू?"

"इन्शुरन्स संपत आलाय."

"संपत आलाय, संपलेला नाय."

"मागचे टायर बघा. गोटा झालेत."

"म्हणून तर लाथ मारलीत. आवाज कसा आला?"

तो परत हसला. एक नव्वदपासून सुरू झाला. मी दोन साठवर आले. तो दोन दहा, मी दोन पंचावन्न. गाडी सुरू करून बघितली, बंद केली, परत सुरू केली. चार महिने उभी असून एका चावीत लागली, त्याचे डोळेच सांगत होते की गाडी त्याला पायजे. तो दोन पस्तीसवर आला, मी अडीचवर अडले, आणि त्याचा हात शर्टाच्या खिशाकडं गेला, विसाराचे पैसे काढायला. मी मनात बोलले, चंदे, अजून एकदा रेट, गिरण तुझी.

आणि म्हातारी बोलली.

चिमाबाई ओटीवर वालाच्या सुक्या शेंगा सोलत बसलेली. इतका वेळ गप्प होती. आता हिचं आधी सांगायला पायजे. वाड्यापाड्यातलं कोणी मुरबाडच्या, नायतर कल्याणच्या दवाखान्यात गेलं, की मयत घरी आणायला गाडी मिळत नाय. नाक्यावरचे सगळे माना फिरवतात. मयत वाहिलेल्या गाडीत जिता माणूस बसत नाय, चार दिवस धंदा बसतो. संदेश जायचा. मधलं शीट काढायचा, चटई टाकायचा, वळणावर मयत सरकू नये म्हणून खाली दोन कड्या बसवून घेतलेल्या, त्यांना दोरी बांधायचा. येताना नदीवर गाडी धुवायचा. आणि भाडं घ्यायचा नाय. ही शिकवण म्हातारीची. आमच्याकडं बांबू, मडकं, कापड, मयताच्या कुठल्याच सामानाला भाव करत नाय. दुकानदार सांगेल ते द्यायचं, तोंड उघडायचं नाय. म्हातारी त्याच्याही पुढं गेलेली. बोलायची, जिथं समोरचा भाव करू शकत नाय, तिथं आपण पैसा मागू नये. शेवटी संदेश स्वतःही कल्याणवरनं त्याच गाडीतनं आला.

तर म्हातारी शेंग खाली ठेवून बोलली, "पंढरी, तुझ्या बापाला याच गाडीतनं आणला ना रं? धो धो पावसात? माझ्या पोरानं एक पैसा घेतला नाय. आणि तू पंधरा हजाराला ओढतोस?"

मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, आता लाजेल मेला.

पंढरी मागच्या शिटाकडं बघत राहिला. मंग हळू बोलला, "काकी, संदेशला मीच आणला. मीच चालवत होतो. मी पण पैसा घेतला नाय. ते फिटलं." आणि खिशाकडं गेलेला हात खाली आला. "पण तुमी आठवण केलीत ते बरं झालं. मी इसरलोच होतो. किती मयतं वाहिली असतील त्यानं? वीस?"

मी म्हातारीला डोळ्यानं खुणावलं. तिनं बघितलं नाय. पोराचं नाव निघालं की तिला दुसरं काय दिसायचं नाय.

"वीस?" ती बोलली. "चाळीस म्हण! इकडं सिद्धगडाच्या पायथ्यापर्यंत कुठलं घर सुटलंय? एवढंसं पोर असो की म्हातारा, माझा संदेश कधी नाय बोलला नाय!"

"चाळीस," पंढरी बोलला. गाडीपासून एक पाऊल मागं सरला. "वहिनी, मला शिटा भरायच्या हायत. चाळीस मयतांच्या गाडीत बाळंतीण बसंल? नवी नवरी बसंल?"

"संदेशच्या गाडीत बसायच्या त्या? नाक्याला सगळं ठाऊक होतं!"

"संदेश होता म्हणून बसायच्या. मी संदेश नाय." त्यानं बॉनेट आपटलं. "एक सत्तर."

माझं टाळकं सरकलं. मी बोलले, तुझा बाप त्यात आडवा आला तेव्हा नाय विटाळली गाडी? चल, चालता हो माझ्या अंगणातनं. सुपातल्या शेंगा फेकल्या त्याच्या अंगावर. तो गेला. जाताना ताडपत्री मात्र नीट घालून गेला.

त्यानंतर गिऱ्हाईक आलंच नाय. शहापूरकडचा एक माणूस रविवारी येतो बोललेला, आला नाय. उंबरमाळीच्या एकानं फोनवरच विचारलं, "ताई, ती मयताची गाडी ना?" कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाय. इन्शुरन्स संपला. घुशींनी वायरी कुरतडल्या. दुकानदारानं दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा नाय केला. माझी गिरण दुसऱ्या गावातल्या कोणाच्या तरी पडवीत बसली. दसरा झाल्यावर नाक मुठीत धरून मीच पंढरीला बोलावलं.

"एक सत्तर बोललेलात," मी बोलले.

"तेव्हा वायरिंग धड होतं, वहिनी. एक साठ."

एक साठला दिली. त्यानं बॉनेटवर नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि लिंबू चिरडून गाडी बाहेर काढली. म्हातारी ओटीवरनं बघत होती. गाडी वळणापलीकडं गेली तशी बोलली, "माझ्या जिभेनं गिरण खाल्ली गो." मी नाय बोलायला पायजे होतं. बोलले नाय. राग होता मला तिचा, लई राग होता.

मंग ती संदेशचं नाव घ्यायचीच बंद झाली. आधी दिवसातनं दहा वेळा घ्यायची, मला कंटाळा यायचा. आता कोणी विषय काढला तरी उठून आत जायची. जेवण तुटलं. थंडीत खोकला धरला तो सुटेना. गाडीचे पैसे औषधात जायला लागले. ती बोलायची, नको गो खर्च करू, तुला लागतील. मी बोलायची, गप पड आये, कशाला लागतील मला? तेव्हा राग गेलेला माझा. पण तिला ते कळलं की नाय कोण जाणे.

माघात मुरबाडच्या दवाखान्यात ती सकाळची गेली.

माझ्यासोबत गावचे नवसूबाबा होते, भावकीतले म्हातारे. शववाहिनी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेली, संध्याकाळ होईल बोलले. नवसूबाबा स्टँडवर सगळ्या गाडीवाल्यांना विचारून आले. सगळ्यांनी माना फिरवल्या. एक जण तेवढा बोलला, "पंढरीला फोन करा. त्याची गाडी मयताचीच हाय."

पंढरी आला. इकोला नवे लाल शीटकव्हर, काचेवर देवाचं मोठं स्टिकर. उतरला, म्हातारीच्या पाया पडला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. खोटं नव्हतं ते पाणी. मंग नवसूबाबांना बाजूला घेऊन बोलला, "पाच हजार होतील."

मुरबाडवरनं आमच्या गावाला अख्खी गाडी केली तरी हजार-बाराशे.

"पंढरी," मी बोलले. भावजी तोंडातनं आलं नाय. "पाच कसले रे?"

"वहिनी, गाडी धुवावी लागते. नारळ-लिंबू करावं लागतं. चार दिवस शिटा बसत नाय, ते कोण भरून देणार?"

"मी भरून दिलंय! मयताची गाडी म्हणून पाऊण लाख तोडलेस ना माझे? मेलेल्यांची किंमत तेव्हाच कापून घेतलीस. आता परत कसली मागतोस? एकाच मढ्याचे दोनदा घेणार?"

आजूबाजूची माणसं थांबली.

"हजार देईन," मी बोलले. "मागचे टायर गोटा झालेत. क्लच गेलाय. हजाराच्या वर या गाडीची लायकी नाय. बोल!"

"वहिनी, लोकं बघतात."

"बघू दे! बाराशे. बोल!"

"चंदा!" नवसूबाबांनी माझा दंड धरला. "गप गो. मयताला भाव करतात काय? म्हातारी अजून गार नाय झाली."

मी म्हातारीकडं बघितलं. तोंडाला पदर बांधलेला, हनुवटी नीट बसलेली. तिनंच शिकवलेलं मला हे. बांबूला, मडक्याला, कापडाला तोंड उघडायचं नाय. समोरच्यालाही ते ठाऊक हाय, म्हणून तर तो पाच बोलतो. पाचचे पाच हजार काढून दिले. पंढरीनं न मोजता शर्टाच्या खिशात कोंबले.

मधलं शीट त्यानं भराभर काढलं, चटई टाकली. खालच्या दोन्ही कड्या अजून तशाच होत्या. त्यांना दोरी ओवून म्हातारीला बांधली, डोकं हलू नये म्हणून मानेशी स्वतःचा मफलर लावला. जसं संदेश करायचा तसंच. त्याच्याच हाताखाली शिकलेला. सगळ्या रस्त्यात एक खड्डा लागू दिला नाय. मी तिच्या पायाशी बसलेली. लई रडायला पायजे होतं, आणि माझ्या डोक्यात एकच, की दोन हजारात झालं असतं काय. माझीच मला शिसारी आली.

घरी आल्यावर पंढरी गेला नाय. बांबू तोडायला तोच, दोरी वळायला तोच. तिरडी उचलली तेव्हा पुढचा खांदा त्यानं दिला. वाकला तेव्हा खिशातनं माझ्या नोटा डोकावल्या, त्यानं एका हातानं त्या आत सारल्या.

बाया ओटीवर होत्या. एक बोलली, "कोणी नाय आलं, पंढरी तेवढा धावून आला हो." दुसरी बोलली, "आणि ही? भर स्टँडात सासूच्या मढ्यावर भाव करत होती." मला ऐकू यावं म्हणून कोणी बोललं नाय. पण ऐकू आलं.

माणसं तिरडी घेऊन ओढ्याकडं गेली. अंगण मोकळं झालं. टिटवाळ्याहून भाऊ आलेला, तो तेवढा मागं राहिला, गाडी उभी असायची बरोब्बर त्या जागी. मातीत तेलाचे डाग होते, ते त्यानं चपलेनं घासून बघितले.

"आता तर म्हातारीचाही प्रश्न मिटला," तो बोलला. "सामानातलं काय काय घ्यायचं ते बघून ठेव."