निर्दोष काटा

शेवटी निरीक्षकबाईंनी डॉक्टरांच्या वजनकाट्याची माफी मागितली, तीही वाकून. पण असं काही घडलंच नाही असं त्यांचं ठाम म्हणणं आहे, त्यामुळे आपणही ते विसरून मुळापासून सुरुवात करू.

बाई वजनमापे निरीक्षक. दुकानोदुकानी काटे तपासायचे. खोटा निघाला की जप्त, खरा निघाला की शिक्का. बावीस वर्षांत एकाही काट्याची त्यांना फसवायची टाप झाली नव्हती. मग हळूहळू सगळंच जड झालं. जिने जड, पापण्या जड, खुद्द बाई जड. भर उन्हाळ्यात अंगात स्वेटर. एकदा कांदे-बटाट्याच्या दुकानात तपासणी करताकरता पारड्यावर कोपर टेकून त्यांचा डोळा लागला. दुकानदार सज्जन. त्याने त्यांना उठवलं नाही; कोपराचं वजन वजा करून गिऱ्हाइकं करत राहिला.

बातमी साहेबांच्या कानावर गेली. "तीन महिन्यांत तब्येत सुधारा," साहेब म्हणाले, "नाहीतर शिक्का जमा करून रेकॉर्ड रूममध्ये बसा."

त्यापेक्षा बाईंना तुरुंग परवडला असता. तिथे निदान भाकर तरी मोजून देतात.

डॉक्टरांच्या काट्याने त्यांचं वजन सात किलो जास्त दाखवलं. बाईंनी पिशवीतून प्रमाणित वजनं काढून तिथल्या तिथे काटा तपासला. तंतोतंत खरा. तरी त्यांनी त्यावर 'संशयित' अशी चिठ्ठी डकवलीच.

रक्ताचा रिपोर्ट आला. थायरॉइड मंद, टीएसएच भरमसाट.

"काम कमी आणि आकडा जास्त?" बाईंनी भुवई उचलली.

"गळ्यातली ही ग्रंथी सुस्तावली की मेंदू वरून ओरडतो, काम कर, काम कर. टीएसएच म्हणजे तो ओरडा," डॉक्टर म्हणाले. "ती जितकी ढिम्म, तितका ओरडा मोठा."

"म्हणजे आमचं ऑफिसच."

"रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, पाण्याबरोबर. पुढे तासभर काही नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासू."

सहा आठवडे गेले. आकडा जागचा हलला नाही. बाईंना वास आला तो लबाडीचा. त्यांनी ऑफिसातल्या नाजूक काट्यावर एक गोळी तोलली आणि डॉक्टरांसमोर आदळली.

"पाकिटावर पन्नास मायक्रोग्रॅम. भरली शंभर मिलिग्रॅम. दोन हजार पट जास्त माल. बावीस वर्षांत असा चोर पाहिला नाही."

"औषध पन्नासच मायक्रोग्रॅम आहे हो. बाकी सगळं भरताड. नाहीतर गोळी चिमटीत तरी आली असती का?"

बाई घरी आल्या त्या तोंड पाडून. धाकटी नणंद भाजी निवडत होती.

"वहिनी, गोळी घेतेस कशाबरोबर?"

"पाण्याबरोबर."

"कसलं पाणी?"

"उकळलेलं."

"त्यात काय असतं?"

"थोडी चहापत्ती," बाई म्हणाल्या. "साखर. दूध."

नणंदेने सुरी खाली ठेवली. "अगं, मग गोळी अंगाला लागणार कशी?"

दुसऱ्या दिवसापासून गोळी झाली की नणंद चहाचं भांडं मांडीवर घेऊन, घड्याळ लावून समोर बसू लागली.

"अठ्ठावन्न मिनिटं झाली. दोन मिनिटं सोड ना."

"तू कधी कुणाला दोन ग्रॅम सोडलेस, वहिनी?"

बाईंनी ती दोन मिनिटंही मोजून काढली. पुढच्या सहा आठवड्यांत स्वेटर कपाटात गेला, जिने पूर्वीइतके हलके झाले, आकडा रेषेत आला. शिक्का बाईंकडेच राहिला. काट्याने चार किलो कमी दाखवले.

"उरलेले तीन?"

"ते थायरॉइडचे नव्हेत. ते तुमचे," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला आत गेले. आत गेल्यावर त्यांना बाहेर कुणीतरी हळूच 'चुकलं हो' म्हटल्याचं ऐकू आलं. बाईंच्या मते त्या फक्त काट्यावरची चिठ्ठी काढायला वाकल्या होत्या.

"मग आता गोळी बंद ना?" डॉक्टर बाहेर येताच बाईंनी विचारलं.

"काटा एकदा खरा निघाला की तुम्ही पुन्हा तपासत नाही का?"

"दरवर्षी तपासते."

"तसंच. गोळी रोज, रक्त सांगेन तेव्हा."

बाईंनी पिशवी उचलली, आणि जाताना एक कागद टेबलावर ठेवला.

'विषय: सवलत मिळणेबाबत. अर्जदाराने सहा आठवडे नियमाचे काटेकोर पालन केले आहे. सबब, सकाळी सहा ते सात या वेळेपुरते चहास पाणी समजण्यात यावे व तशी लेखी समज अर्जदाराच्या नणंदेस देण्यात यावी, ही नम्र विनंती.'