नळीतलं रक्त

“काट्यावर नीट उभा राहा. भिंतीला हात नको,” मी म्हणाले.

माझ्या नवऱ्यानं, हेडलीनं, हात काढला तसा काटा सरकन पुढे गेला.

“काल भावाकडं खारवलेलं मांस हाणलंस ना?”

“ताट भरून. वर चहा. झालं समाधान?”

किडन्या गेलेल्या माणसाला मीठ म्हणजे तहान आणि तहान म्हणजे अंगात साठणारं पाणी, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. जन्मभर बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस तो. मागच्या खोलीत हे डायलिसिसचं यंत्र आलं तेव्हा तोच शेजाऱ्यांना समजावत होता, “आत केसांसारख्या नळ्या आहेत. त्यांना डोळ्यांना न दिसणारी भोकं. घाण आणि जास्तीचं पाणी त्यातून झिरपून जातं, रक्ताच्या पेशी मोठ्या, त्या आतच राहतात. माझ्या किडन्या हेच काम रात्रंदिवस करायच्या, आणि मला पत्ताही नव्हता!”

मी त्याच्या हातात सुया टोचल्या. यंत्र घरघरू लागलं. बाहेर पाऊस पडता पडता विजेच्या तारांवर गोठत होता.

“व्हर्ना,” तो छताकडे बघत म्हणाला, “ईस्टर झाला की हे बंद करू. पुरे झालं मला.”

“मग आत्ताच काढते की सुया!” राग आला की मी असंच बोलते. यंत्र बंद केलं की माणूस फार तर आठवडा-दोन आठवडे काढतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

तेवढ्यात वीज गेली. पंप थांबला आणि यंत्र बॅटरीवर किंचाळू लागलं.

त्याचं पेलाभर रक्त बाहेर नळ्यांत अडकलं होतं. गोठलं की वाया, आणि त्याच्या अंगात आधीच रक्त कमी. त्याच्याकडून येणारी नळी मी बंद केली, तिच्यात सलाइन सोडलं, परत जाणारी नळी यंत्राच्या पकडीतून सोडवली आणि पंपाला दांडा लावून हातानं फिरवत, सलाइननं ढकलत ते रक्त परत त्याच्या अंगात पाठवू लागले. आता जीवघेणा हवेचा बुडबुडा अडवायला यंत्र नव्हतं, नुसते डोळे होते.

“हळू गं, हवा ओढशील.”

“गप्प बस. टॉर्च धर.”

नळीतलं लाल फिकं होत चाललं. खांदा भरून आला होता. सलाइनची पिशवी रिकामी झालेली मला दिसलीच नाही.

“हवा! थांब!”

टॉर्च खाली पडली. हेडलीनं मोकळ्या हातानं नळी अशी दाबून धरली होती की बोटं पांढरी पडली. बुडबुडा बोटांच्या अलीकडे थांबला होता. मी घाईघाईनं चिमटा लावला.

“झालं. सोड आता.”

“आधी बघ. नीट लागलाय ना?” तो म्हणाला.

“लागलाय रे.”

तरी तो सोडेना. ‘पुरे झालं होतं ना तुला?’ हे अगदी जिभेवर आलं होतं, पण मी गिळलं. रडू मात्र आवरलं नाही.

मग मी सुया काढल्या, पट्ट्या बांधल्या. अंगातलं पाणी अर्धंच निघालं होतं. वीज कधी येईल याचा भरवसा नव्हता.

हेडली भिंत धरत स्वयंपाकघरात गेला. लाकडाच्या चुलीवर चहा गरम होता. त्यानं तो माझ्या कपात ओतला, माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःचा कप फळीवर पालथा घातला.