समोरचा पाचवा मजला

आमच्या वसाहतीतल्या सगळ्या इमारती एकाच साच्यातल्या. बिल्डरने अक्कल एकदाच खर्च केली आणि पुढे नुसत्या नकला मारल्या. शहर संपतं त्याच्याही पुढे, उघड्या माळावर. माणसं थोडी, रिकाम्या खोल्या फार. मी घरी पडदे शिवते, आणि माझं मशीन खिडकीपाशी आहे.

त्या दुपारी सुईत दोरा ओवून मान वर केली, तर समोरच्या इमारतीत पाचव्या मजल्यावर सासूबाई!

ती इमारत अजून अर्धवट होती. दारं नव्हती, बाल्कन्यांना कठडे नव्हते. सासूबाई भाजी आणायला खाली गेल्या होत्या. येताना चुकून तिकडचा जिना चढल्या, आणि पाचवा मजला, डावीकडे, म्हणजे आपलंच घर, म्हणून आत शिरल्या. बाहेरून आल्या की आधी बाल्कनीत जाऊन वारा खायचा, ही त्यांची रोजची सवय. हातात पिशवी घेऊन त्या तिकडेच निघाल्या होत्या.

हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक ऐकली की त्या ‘काय गं?’ करत पुढे येतात. पुढे काय होतं ते मला दिसत होतं. वॉचमनला फोन लावला, तोही कुजबुजत.

“पळतोच ताई, पण तिकडे लिफ्ट नाही,” तो म्हणाला.

सासूबाई बाल्कनीच्या तोंडाशी पोचल्या. माझ्या तोंडातून काय निघणार ते मलाही ठाऊक नव्हतं.

“आई! फरशी आत्ताच पुसलीय! ओल्यात पाय देऊ नका!”

हा कायदा त्यांचाच. ओल्या फरशीवर कुणाचं पाऊल उमटलं की त्या घर डोक्यावर घेतात, पाहुण्यांनासुद्धा दाराबाहेर ताटकळत ठेवतात. उचललेलं पाऊल त्यांनी मागे घेतलं.

“मग आधी सांगायचं ना!” त्या करवादल्या, आणि फरशी वाळायची वाट बघत भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मला हसू की रडू कळेना. वॉचमनने त्यांचा दंड धरेपर्यंत मी खिडकी सोडली नाही.

तो त्यांना घेऊन आला तेव्हा मी दारातच होते. “अहो आई, कठडा नव्हता तिथे! जीव टांगणीला लावलात माझा!” मी त्यांना मिठी मारली. “त्या मेल्या बिल्डरला एकसारखी घरं बांधायला कुणी सांगितलं होतं?”

सासूबाईंनी हळूच स्वतःला सोडवून घेतलं. माझ्या खांद्यावरून आत डोकावल्या. मशीन पाहिलं, पडदे पाहिले, मग अवघडून वॉचमनकडे वळल्या.

“कुणाच्या घरी आणलंस रे मला? माझी सून तिकडे फरशी पुसतेय.” मग माझ्याकडे बघून, परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने म्हणाल्या, “येते हं मी. एकटीच आहे ती, घाबरेल.”