पिल्लाला डायलॉग नाही

अंजूचा फोन आला तेव्हा मधुकरराव अंगणात बसून वालाच्या शेंगा सोलत होते. अंजू त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी, भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या शाळेत शिक्षिका. ती म्हणाली, एक जुनं विनोदी कार्टून आहे, सात मिनिटांचं, ते मी आपल्या बोलीत करून राहिली, आणि त्यातलं मुख्य काम मामाजी तुम्हीच करा. मधुकररावांनी हातातली शेंग तशीच टोपल्यात टाकली आणि पुढचं काही न विचारता हो म्हणून टाकलं.

न विचारण्याचं कारण होतं. पस्तीस वर्षं त्यांनी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत विनोदी कामं केली होती. दिवाळी झाली की घरून निघायचे ते होळीलाच परत. घरी हातमाग होता, पण त्यावर भाऊच बसायचा. यांचा हात कधी धोट्याला लागला नाही. मंडपात दोन हजार माणसं बसलेली असत आणि ते नुसते विंगेतून डोकं बाहेर काढत, तरी हशा सुरू व्हायचा. मग गुडघे गेले. कंपन्यांनी नवी पोरं घेतली. यंदाचाही हंगाम अर्धा सरला होता आणि कोणाचाच फोन आला नव्हता.

त्यामुळे दोन दिवसांत मोहाडीतल्या सगळ्या ओळखीच्यांना कळलं की मधुकरराव सिनेमाच्या कामाला चालले. कार्टून म्हणाले तर लोक हसतील म्हणून त्यांनी सिनेमा म्हटलं. बायको शकुनबाईंनी कोट इस्त्री करून दिला. आवाजाचंच काम आहे, कोट कशाला, असं त्या म्हणाल्या, पण दिला.

मोहाडीहून भंडारा आणि भंडाऱ्याहून शहापूर अशा दोन एसट्या करून ते अकरा वाजता पोचले. अंजूच्या घराच्या मागच्या खोलीत नुकत्याच आलेल्या धानाचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, छतापर्यंत रचलेले होते. त्या कट्ट्यांमुळे आवाज घुमत नाही, म्हणून तिने माइक तिथेच लावला होता. एका स्टुलावर लॅपटॉप. कोपऱ्यात तिच्याच शाळेतला अश्विन नावाचा तरुण मास्तर हातात कागद घेऊन उभा होता.

अंजूने आधी कार्टून दाखवलं. परदेशातलं, काळंपांढरं, नव्वद वर्षांपूर्वीचं. त्यात बोलणं नव्हतंच, नुसतं संगीत; बोलणं अंजू घालणार होती. अस्वलाचं एक पिल्लू आगगाडीतून स्टेशनावर पडतं आणि एका चिडक्या पोस्टमनच्या मागे लागतं. पोस्टमन त्याची आई शोधायला दारोदार फिरतो. पिल्लू गाईला बिलगतं, झाडूला बिलगतं, एका जाड्या बाईच्या केसाळ कोटाला बिलगतं. प्रत्येक ठिकाणी मार पोस्टमन खातो. मधुकररावांना ते आवडलं. पोस्टमन आपटला की त्यांचा पाय आपोआप हलायचा. हे काम आपल्यासाठीच आहे, असं त्यांनी मनात धरलं.

"मस्त आहे," ते म्हणाले. "दे मले कागद. पोस्टमनचे डायलॉग एक खेप वाचून घेतो."

अंजूने अश्विनकडे पाहिलं. अश्विनने हातातल्या कागदाकडे पाहिलं.

"मामाजी, पोस्टमन अश्विन सर करून राहिले," अंजू म्हणाली. "तुमी पिल्लू."

"पिल्लाचे डायलॉग कुठं आहेत?"

"पिल्लाले डायलॉग नाहीत. ते नुसतं ओरडते. एकेचाळीस वेळा."

 मधुकररावांनी कोट काढून पुढच्या एका खालच्या कट्ट्यावर ठेवला. परत जायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण इतक्या लवकर घरी गेलं तर मोहाडीत काय सांगणार, हा प्रश्न होता. एकेचाळीस वेळा ओरडायला काय लागतं, एका तासात मोकळे होऊ, असा विचार करून ते माइकपुढे बसले.

पहिली किंकाळी त्यांनी अशी मारली की अश्विनला हसू आवरेना. नाटकात बकऱ्याचा, हल्याचा, सासूला घाबरलेल्या जावयाचा आवाज काढून त्यांनी मंडप डोक्यावर घेतले होते. अंजू हसली नाही. कानावरचा हेडफोन सरकवून म्हणाली, अजून एकदा. त्यांनी आवाज बारीक केला, शेवटी एक हेल काढला. अजून एकदा. त्यांनी हुंदका घातला. मग शेंबूड ओढल्यासारखं केलं. अजून एकदा.

मधेच महामार्गावरून ट्रक हॉर्न देत गेला. मग लाइन गेली. आली तर शेजारच्या घरी कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या, आणि त्या थांबल्यावर पत्र्यावर कबुतरं उतरली. अश्विनने बाहेर जाऊन कबुतरं हाकलली, ती परत आली. दीड वाजेपर्यंत पिल्लाचा एकही आवाज पक्का झाला नव्हता आणि मधुकररावांचा घसा खरखरू लागला होता.

"काय पायजे तुले ते तर सांग," ते शेवटी म्हणाले.

"मामाजी, तुमी हसवून राहिले."

"मंग? कॉमेडीच आहे ना हे?"

"आहे. लोक हसतीन. पण पिल्लाले माहीत नाही ना, की हे कॉमेडी आहे म्हणून. ते हरवलं आहे फक्त."

हे त्यांना लागलं. पस्तीस वर्षं लोकांना हसवलं, तेच चूक आहे असं भाची सांगत होती.  जेवताना अश्विनने मधुकररावांचं एक जुनं नाटक लहानपणी पाहिल्याचं सांगितलं, त्यातला एक प्रवेशही त्याला आठवत होता. एरवी ते खुलले असते. पण आता त्यांनी भाताचा घास तसाच हातात धरून त्याला विचारलं, की मग पोस्टमन तू कसा काय करतोस. अश्विन खाली मान घालून जेवू लागला. त्याचा यात काही दोष नाही हे मधुकररावांना कळत होतं, म्हणून तर राग जास्त येत होता.

जेवणानंतर त्यांनी अंजूकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि पिल्लासाठी स्वतःच डायलॉग लिहिले. 'ओ पोस्टमनदादा, माझ्या मायचा पत्ता तुमच्या झोळीत आहे का?' अशी पहिली ओळ होती. असे पंधरावीस. लिहिताना त्यांना बरं वाटलं. अंजूने कागद शेवटपर्यंत वाचला. चांगले आहेत, म्हणाली, पण चित्रातलं पिल्लू फक्त तोंड उघडतं आणि मिटतं. इतके शब्द त्या तोंडात बसणार कसे? मधुकररावांनी बसवून दाखवायचा प्रयत्न केला. पिल्लाचं तोंड मिटून तीन सेकंद झाले तरी त्यांची ओळ चालूच होती. अश्विन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"तुले खरंच पिल्लू पायजे तर बकरीचं पिल्लूच आण," मधुकरराव म्हणाले आणि कोट उचलून बाहेर पडले.

थांब्यावर ते पाऊण तास उभे होते. नागपूरकडून आलेल्या दोन गाड्या हात दाखवूनही थांबल्या नाहीत. तिसरी थांबली, पण लांब पुढे जाऊन, आणि गुडघ्यांमुळे ते तिच्यापर्यंत पोचेपर्यंत ती निघून गेली. धुळीत उभं राहून त्यांनी चष्म्यासाठी खिसा चाचपला. चष्मा धानाच्या कट्ट्यावर राहिला होता. त्याच्याशिवाय त्यांना गाडीची पाटीही वाचता येत नव्हती. ज्या रस्त्याने रागात निघालो त्याच रस्त्याने परत जावं लागण्याइतकं वाईट काही नाही, असं वाटून ते चालत राहिले.

घरात अंजू आणि अश्विन पुढच्या खोलीत चहा घेत होते. मधुकररावांनी कोणाकडे न पाहता मागची खोली गाठली. चष्मा मिळाला. खोली शांत होती. त्यांनी दार लोटून घेतलं, स्टुलाजवळ बसले आणि उशीर होईल हे सांगायला घरी फोन लावला.

शकुनबाईंनी विचारलं, झालं का काम?

"नाही होऊन राहिलं," ते म्हणाले. "माझ्यानं नाही होऊन राहिलं वं."

पलीकडून शकुनबाई काय बोलल्या ते त्यांनाच ठाऊक. ते बराच वेळ ऐकत होते. मग फोन ठेवून बाहेर आले तर अंजू हेडफोन गळ्यात घालून दारातच उभी होती. माइक आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. चहा पिता पिता तिने बिनतारी हेडफोन सहज कानाला लावला आणि तिला सगळं ऐकू आलं.

मधुकररावांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. बायकोशी बोललेलं यंत्रात भरून घेतलं, ही कुठली रीत, असं त्यांनी विचारलं. आवाज चढवला नाही, त्यामुळे अंजू जास्तच घाबरली. मुद्दाम केलं नाही, असं तिने दोनदा सांगितलं. मग त्यांच्यासमोर लॅपटॉप फिरवून ते सगळं पुसून टाकलं. पुसलं गेल्याचं त्यांना नीट दाखवलंही.

"आता विचारू का एक?" ती म्हणाली.

"विचार."

"शब्द नका घेऊ. नुसता तो फोनवरचा आवाज येईन का?"

त्यांना वाटलं उठून जावं. पण थांब्यावरची धूळ अजून अंगावर होती, आणि भाचीने समोर बसून पुसून टाकलं होतं. शिवाय एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती: सकाळपासून ते प्रत्येक वेळी ओरडताना अंजूच्या तोंडाकडे पाहत होते, ती हसते की नाही ते बघायला. त्यांनी चष्मा लावला, खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ केली आणि पडद्यावरच्या पिल्लाकडे पाहिलं. पिल्लाने तोंड उघडलं. त्यांच्या घशातून एक लहान, जाडसर, अर्धवट आवाज निघाला. तो कोणत्याच प्राण्याचा नव्हता. मागून 'अजून एकदा' आलं नाही, म्हणून ते पुढच्याला गेले.

एकेचाळीस आवाज पन्नास मिनिटांत झाले. ट्रक त्या वेळातही गेले. अंजूने फक्त चार आवाज परत मागितले. काम संपल्यावर अश्विनने त्यांना मोटारसायकलवर भंडाऱ्याच्या स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत मधुकररावांनी त्याला सांगितलं की पोस्टमन आपटतो तिथे आधी श्वास घे, मग ओरड. जेवतानाच्या बोलण्याबद्दल त्यांना माफी मागायची होती. ती अशी मागितली.

तीन आठवड्यांनी शाळेत कार्टून दाखवलं. मधुकरराव शकुनबाईंना घेऊन गेले. वर्गाच्या खिडक्यांना चादरी बांधल्या होत्या आणि साठसत्तर पोरं सतरंजीवर दाटीने बसली होती. पोस्टमन पहिल्यांदा आपटला तेव्हा वर्ग खदखदून हसला. तो हशा अश्विनचा होता. पण मग पिल्लाने तोंड उघडलं आणि पोरं गप्प झाली. परत हसली, परत गप्प झाली. पुढच्या ओळीतल्या एका मुलीने मागे वळून मोठ्या पोरांना दटावलं, की चूप राहा, ते रडून राहिलं आहे. सगळी सात मिनिटं हे असंच चाललं होतं. पस्तीस वर्षांत अशी शांतता त्यांनी स्वतःवर कधी ओढवून घेतली नव्हती. हशा कधी येतो ते त्यांना अंगात कळायचं. हे काय आहे ते कळत नव्हतं.

शेवटी नावं यायची होती. पिल्लाचा आवाज, मधुकरराव. शकुनबाई त्याच्यासाठीच पुढे सरकून बसल्या होत्या. पण पिल्लाला आई मिळाली तशी पोरं उठली, कोणाच्या तरी पायात वायर आली आणि पडदा पांढरा झाला. अंजू धावली. ओळखीच्या दोघातिघांनी मधुकररावांना विचारलं, की तुमी यात कुठं होते? त्यांनी हात झटकला.

तेवढ्यात पोरांनीच 'परत लावा' म्हणून गलका केला, आणि अंजूने परत लावलं. या खेपेला मधुकरराव कान देऊन ऐकत होते. जाड्या बाईच्या कोटाला पिल्लू बिलगतं, कोट निघून जातो आणि पिल्लू एकटं उरतं, तिथला आवाज आला आणि ते ताठ बसले.

दिवे लागल्यावर ते थेट अंजूकडे गेले. या वेळी नावं नीट आली होती, हेडमास्तर अभिनंदन करायला येत होते, पण त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"ते कोटाचं," ते म्हणाले. "तिथं मी नाटकी झालो. शेवटी लांबवलं. ते बदलव."

अंजू म्हणाली, कोणाच्या लक्षात नाही येणार.

"मले आलं."

तिने सांगितलं की आता बदलता येणार नाही. कार्टून कालच चाळीस शाळांना पाठवून झालं. चाळीस, ते म्हणाले. मग पुन्हा एकदा, चाळीस. हेडमास्तरांनी शाल दिली ती त्यांनी घेतली, चहा घेतला, पण लक्ष कशातच नव्हतं. थांब्यावर, पहिल्या गाडीत, भंडाऱ्याच्या स्टँडवर ते तेच बोलत होते. शेवटी अर्धा सेकंद जास्त झाला. तोंड मिटल्यावर आवाज उरतो. अंजूने तेव्हाच सांगायला पाहिजे होतं.

मोहाडीच्या गाडीत बसल्यावर शकुनबाई कंटाळून म्हणाल्या, की मग कसा पायजे होता तो, दाखवा तरी.

मधुकररावांनी आजूबाजूला पाहिलं. गाडी अर्धी भरली होती. त्यांनी शाल बाजूला केली, मान थोडी खाली घातली आणि तो आवाज काढला, आखूड, मधेच तुटलेला.

दोन सीट पुढे तिकिटं फाडत असलेला कंडक्टर थांबला. त्याने वाकून सीटखाली पाहिलं, मग मागे येत म्हणाला, "कोणाचं पिल्लू आहे हे? गाडीत चालत नाही. काढा बाहेर."

"नाही आहे जी पिल्लू," शकुनबाई म्हणाल्या.

कंडक्टरला ते पटलं नाही. तो प्रत्येक सीटखाली, प्रत्येक पिशवीमागे वाकून पाहत मागच्या दारापर्यंत गेला. मधुकरराव मान वळवून त्याच्याकडे पाहत होते.